टिकलीचा मालक कोण?

"मॅडम, रजिस्टर्ड ओनरला फोन द्या ना."

आज साडेअकराला ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी चौथ्यांदा सांगितलं की रजिस्टर्ड ओनर म्हणजे माझे बाबा, आणि ते जानेवारीत गेले. पलीकडची पोरगी दोन सेकंद गप्प. मग म्हणते, "ओके मॅडम. मग त्यांच्या रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा."

बाप्पा! मी जिन्यातच बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. टिकली म्हणजे बाबांची कुत्री. गावरान, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे, नागपुरातच मनीषनगरला आली. तिच्या खांद्यात चिप आहे. चिपचा नंबर बाबांच्या नावावर, बाबांच्या पत्त्यावर, बाबांच्या मोबाइलवर. मला फक्त चिपवाल्यांच्या रजिस्टरमध्ये ते नाव बदलून माझं टाकायचं होतं, म्हणून तो फोन. जमीन नको होती, फ्लॅट नको होता. कुत्रीच्या नावापुढे माझा फोन नंबर हवा होता. एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, गावरान कुत्रीला चिप? आम्हीही हसलो होतो तेव्हा. लहाना भाऊ तर म्हणाला, "बाबा, आता तिचं पॅन कार्डही काढा." पण बाबा आयुष्यभर सरकारी कारकून. त्यांचं एकच म्हणणं, "नंबर नसलेली फाईल हरवते." 2021 मध्ये रेबीजच्या इंजेक्शनला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सहज सुचवलं आणि यांनी तिथल्या तिथे बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, जाडसर सुईने दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली. टिकली एकदा कुईं करून मोकळी. बाबांनी घरी येऊन तो नंबराचा कागद लॅमिनेट केला आणि एलआयसीच्या फायलीत लावला. माझ्या जन्मदाखल्याला आजवर लॅमिनेशन नाही, पण ते जाऊ द्या.

त्या कागदाची किंमत कळली 23 सप्टेंबर 2023 ला. नागपूरवाल्यांना तारीख सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. पुरणाचा वास अजून घरात. आणि मध्यरात्रीनंतर तो पाऊस. चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पहाटे बाबांच्या घरात मांडीएवढं पाणी. वीज गेलेली. आई म्हणते महालक्ष्म्या उचला, बाबा म्हणतात टिकलीला उचला. दोघांचं तिथेही भांडण. शेवटी महालक्ष्म्या ओट्यावर चढल्या, आणि मागचं दार पाण्याने उघडलं तेव्हा टिकली गेली. दिसलीच नाही.

सहा दिवस. बाबा गाळ काढायचे सोडून चपला हातात घेऊन हिंडत होते. ज्यांचे फ्रिज, गाड्या, गाद्या वाहून गेल्या त्यांना विचारत होते, "तपकिरी कुत्री पाहिली का हो?" मला लाज वाटायची तेव्हा. खरं सांगते.

सहाव्या दिवशी गोकुळपेठेकडून निरोप आला. एका घरात आहे. गेलो. टिकलीच होती! पण त्यांच्या पोरांनी तिचं नाव ब्राउनी ठेवलेलं आणि गळ्यात नवा लाल पट्टा. घरच्या काकू भल्या होत्या, पण म्हणाल्या, "कशावरून तुमची? असे तर शंभर आहेत." बाबांनी मोबाइलवरचे फोटो दाखवले. काकू म्हणाल्या, सारखेच दिसतात हो सगळे. बाबांनी "टिकली, ये" म्हटलं. आणि ती आली नाही. घाबरलेली होती, दिवाणाखाली जाऊन बसली. बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

थांबा, पुढचं सांगते. आधी मला थोडं ओरडू द्या.

लोकांना वाटतं चिप म्हणजे जीपीएस. नाही हो नाही. कुत्रा कुठे आहे ते चिप सांगत नाही. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि 15 आकडी नंबर सांगते. बस. ना नाव, ना गाव. तो नंबर कोणाचा, हे कुठल्यातरी रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. टिकलीच्या नंबराचे पहिले तीन आकडे 900 च्या घरातले आहेत. म्हणजे ते आपल्या देशाचे नाहीत, चिप बनवणाऱ्या कंपनीचे. भारताचा आकडा 356, तो फार कमी दिसतो. मग आधी कंपनी शोधा, मग तिचं रजिस्टर शोधा, मग त्या रजिस्टरवाल्यांचा फोन लागतो का पहा. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचं खातं वेगळं, महापालिकेचं लायसन्स वेगळं, डॉक्टरांची वही वेगळी. एकाच कुत्रीच्या चार कुंडल्या आणि एकही दुसरीशी जुळत नाही.

आपल्या गायी-म्हशी बऱ्या. कानात पिवळा बिल्ला, 12 आकडी, देशभर एकच पद्धत. म्हैस विकली की नोंदीत मालक बदलतो. कुत्र्याने काय घोडं मारलंय?

बरं, त्या पोरीला मी नंतर विचारलं की मग करू काय. तिने यादी वाचली. मृत्यूचा दाखला. माझं आधार. बाबांशी नातं दाखवणारा कागद. आणि 500 च्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र की मीच वारस आहे आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही. कायद्याच्या हिशेबात कुत्रा म्हणजे जंगम मालमत्ता. म्हणजे टिकलीत आईचा वाटा आहे, भावाचाही आहे. भावाला पुण्याला फोन केला, तो म्हणे शेपटीकडचा भाग मला दे, तिकडे खर्च कमी.

हसले मी. मग रडले. जिन्यात. शिपाई वर जाता जाता थांबून पाणी देऊन गेला.

तर गोकुळपेठ. काकूच म्हणाल्या, चला डॉक्टरकडे, दूध का दूध होऊ द्या. पावसात दोन्ही घरं एका ऑटोत. बाबांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत ती एलआयसीची फाईल, जी माळ्यावर होती म्हणून वाचली. डॉक्टरांनी स्कॅनर टिकलीच्या मानेमागे फिरवला. काही नाही. परत फिरवला. काही नाही. काकूंच्या पोराने आईचा हात दाबलेला मी पाहिला. बाबा फाईल नुसती घट्ट धरून. डॉक्टर म्हणाले, कधी कधी सरकते ती, आणि स्कॅनर खाली डाव्या पायाकडे नेला. बीप! मग डॉक्टर एकेक आकडा वाचताहेत आणि बाबा लॅमिनेट केलेल्या कागदावर बोट फिरवताहेत, पंधराच्या पंधरा. शेवटचा आकडा जुळला तेव्हा काकूच पहिल्यांदा म्हणाल्या, "न्या हो भाऊजी तुमची पोरगी." तो लाल पट्टाही त्यांनी परत घेतला नाही. अजून आहे तिच्या गळ्यात.

हो, मान्य, चिप असूनही सहा दिवस लागलेच, कारण स्कॅन करून बघावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि ती आमच्याकडे परत आली ती चिपमुळे की काकूंच्या भलेपणामुळे, यावर वाद होऊ शकतो. माझ्याशी मात्र आज घालू नका.

आता राग तुमच्यावर. हो, तुमच्यावरच, माझ्या यादीतल्या कुत्रेवाल्या मंडळींवर. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांचा आदेश आला तेव्हा इथे किती पोस्टी पडल्या! 11 ला उचला म्हणाले, 22 ला नसबंदी आणि लस करून जिथून आणले तिथे सोडा म्हणाले, आणि दोन्ही दिवशी तुमचे मेणबत्तीचे फोटो. त्याच्या आधी 2022 च्या ऑक्टोबरात आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं होतं की खायला घालायचं तर घरी न्या, महापालिकेत नोंद करा. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्यावरची कारवाई थांबवली. किती टाळ्या पिटल्या आपण! मीही पिटल्या. चूक नव्हतं ते. पण घरी ज्याला न्यायचं त्याची नोंद करा, यात वाईट काय होतं हो? आपल्या सोसायटीत अकरा कुत्री आहेत. मी मागच्या आठवड्यात विचारत हिंडले. लायसन्स तिघांकडे. चिप चौघांना. त्या चौघांपैकी एकाला कागद कुठे आहे ते माहीत नाही, एकाचा फोन नंबर ब्रीडरचाच राहिलाय आणि एकीच्या कुत्र्याचा मालक म्हणून अजून तिचा आधीचा नवरा दाखवतोय. अकरापैकी कोणी हरवला तर पिठाच्या गिरणीवर फोटो चिकटवत हिंडाल.

आणि ते व्हॉट्सॲपवर पिल्लं विकणारे! 2017 च्या ब्रीडिंगच्या नियमांत स्पष्ट आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, चिप नसलेलं विकायचं नाही. इथे पाच आठवड्यांचं हस्की, 45 अंशांच्या नागपुरात, बुटाच्या खोक्यात घालून देतात. कागद विचारला की "ताई, पेपरवालं महाग पडते." आणि आपण घेतो. मग दोन वर्षांनी घर बदललं, बाळ झालं, की त्याला फुटाळा तलावावर सोडून येतो. का सोडता येतं? कारण ते कोणाचंच नसतं. नंबर नाही, नाव नाही, कोणाच्या दारावर जाणार? 1960 च्या कायद्यात जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. अजूनही तेवढाच. तर्री पोह्याची प्लेट आणि वर चहा घ्या, दंड भरून झाला!

ज्यांच्या पायाशी रस्त्यावरचं कुत्रं बसतं, जे चहाच्या टपरीवर त्याला टोस्ट घालतात, त्यांना "कुत्र्याला चिप लावा" म्हणणं जड आहे, कळतं मला. त्यांच्यासाठी फुकट असायला हवी, नसबंदीसोबतच. पण तुम्ही-मी? ज्यांच्या कुत्र्याच्या बिछान्याला माझ्या चादरीपेक्षा जास्त पैसे लागतात?

माझी मावसबहीण कुत्र्याला जर्मनीला घेऊन गेली. आधी चिप, मगच रेबीजचं इंजेक्शन, उलटं केलं तर इंजेक्शन धरतच नाहीत. मग महिन्याने रक्ततपासणी, मग तीन महिने थांबा. सगळं केलं तिने, एकही कागद चुकला नाही. परदेशात जायचं असलं की येतं आपल्याला सगळं.

जाऊ द्या. राग उतरला थोडा. स्वयंपाक करून आले मधे, टिकलीने पोळी खाल्ली.

खरं सांगायचं तर ती फोनवरची पोरगी चुकली नाही. कोणीही उठून फोन केला आणि कुत्री माझ्या नावावर करा म्हटलं, आणि तिने केली असती, तर त्या पंधरा आकड्यांना काय अर्थ राहिला असता? बाबा असते तर तिचीच बाजू घेतली असती. चूक आमची. बाबांचं सिम आम्हीच बंद केलं. मार्चमध्ये. भाऊ म्हणाला रिचार्ज कशाला भरायचा, आणि मी हो म्हटलं. बँक बदलली, गॅस बदलला, विजेचं बिल आईच्या नावावर झालं. टिकलीची आठवण कोणालाच झाली नाही.

तरी मी एक वेडेपणा केला. दुपारी जेवणाच्या सुटीत बाबांचा नंबर फिरवला. तो आता दुसऱ्या कोणाला मिळालाय. एका माणसाने उचलला, मागे ट्रकचा आवाज. मी सगळं सांगितलं, बाबा, कुत्री, चिप, आणि म्हटलं, "दादा, एक ओटीपी येईल, तेवढा सांगाल का?"

"ताई, ओटीपी मी कोनालेच सांगत नाई," म्हणाला आणि फोन ठेवला.

बरोबरच आहे. मी असते तरी ठेवला असता.

संध्याकाळी सातला त्याचाच फोन. चंद्रपूरचा आहे, कोळशाची गाडी चालवतो. म्हणाला, "ताई, मी इचार करून राहिलो होतो. तुमची कुत्री हरवली न कोनी तिले मशीन लावली, त फोन मले येईन न?"

म्हटलं, हो दादा, सध्या तरी तुम्हालाच येईल.

"मंग येऊ द्या. मी उचलतो. नाव का हाय तिचं?"

टिकली, म्हटलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं. सोमवारी मी स्टॅम्पपेपर आणायला जाते आहे.