वजनाचे इंजेक्शन आणि ॲपल सायडर व्हिनेगर: ‘दुप्पट परिणामा’च्या दाव्याला उत्तर

मार्च 2025 मध्ये माउंजारो आणि जून 2025 मध्ये वेगोवी भारतात विक्रीस आले, आणि वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांची चर्चा मधुमेहाच्या दवाखान्यातून घराघरांत पोहोचली. त्यामागोमाग एक संदेशही फिरू लागला. मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला, आणि त्यांपैकी एक जण खरोखरच हे इंजेक्शन घेत आहे, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. संदेशाचा आशय असा: इंजेक्शन किंवा गोळी घेणाऱ्यांनी रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यातून घ्यावे, त्याने औषधाचा परिणाम दुप्पट होतो, मळमळ थांबते, साखर आटोक्यात राहते, काही महिन्यांनी औषध सोडता येते, आणि व्हिनेगर नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही.

‘परिणाम दुप्पट’ या दाव्यापासून सुरुवात करू. त्याच्या पुष्ट्यर्थ 12 आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन घटल्याचा आकडा दिला जातो. हा आकडा लेबनॉनमधील 12 ते 25 वर्षे वयाच्या 120 जणांवर केलेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आहे. त्या अभ्यासात कोणालाही वजनाचे औषध दिलेले नव्हते. म्हणजे औषध आणि व्हिनेगर यांच्या जोडीविषयी तो काहीच सांगत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की सप्टेंबर 2025 मध्ये प्रकाशकांनी तो निबंध मागे घेतला, कारण त्यातील आकडेमोडीत न पटणाऱ्या गोष्टी आढळल्या, मूळ नोंदींच्या विश्वासार्हतेवर शंका आली आणि चाचणीची पूर्वनोंदणीही झालेली नव्हती. निबंध मागे घेतल्याची बातमी मात्र मूळ आकड्याइतकी फिरली नाही, ही खेदाची बाब आहे.

यापूर्वीचा, अधिक संयमित अभ्यास जपानमधला, 2009 सालचा आहे. त्यात 155 स्थूल व्यक्ती होत्या; त्यांतील दोन गटांना 12 आठवडे रोज 15 किंवा 30 मिलिलिटर व्हिनेगर पेयातून देण्यात आले आणि त्यांचे वजन सरासरी अनुक्रमे 1.2 व 1.9 किलोने घटले. वेगोवीतील सेमाग्लुटाइडच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 1961 जण होते आणि 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 14.9 टक्के, तर औषधाविना इंजेक्शन घेणाऱ्यांचे 2.4 टक्के कमी झाले. शंभर किलोच्या माणसाच्या बाबतीत हा फरक साधारण साडेबारा किलोंचा होतो. दोन्ही चाचण्यांचे कालावधी वेगळे आहेत हे मान्य करूनही, दीड-दोन किलोंची गोष्ट त्या परिणामाला दुप्पट कशी करील? इंजेक्शन सुरू असताना व्हिनेगर पिणाऱ्याचे वजन उतरते तेव्हा त्याचे श्रेय जवळजवळ पूर्णपणे इंजेक्शनचे असते, पण रोज सकाळी समोर दिसते ती बाटली.

मळमळ थांबते, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण येथे व्हिनेगर नेमके उलट काम करण्याची शक्यता आहे. सेमाग्लुटाइड आणि माउंजारोतील टर्झेपाटाइड ही औषधे मेंदूतील भुकेच्या केंद्रांवर काम करतात, तसेच जठर रिकामे होण्याचा वेगही कमी करतात. अन्न अधिक वेळ पोटात राहते आणि थोड्याच घासांत पोट भरते. वर उल्लेखिलेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 44 टक्के लोकांना मळमळ झाली, तीही प्रामुख्याने डोस वाढवण्याच्या काळात. व्हिनेगरही जठराची गती मंदावते. स्वीडनमध्ये 2007 मध्ये, जठराची हालचाल आधीच मंद असलेल्या दहा मधुमेहींवर केलेल्या छोट्या अभ्यासात 30 मिलिलिटर ॲपल सायडर व्हिनेगर घेतल्यावर जठर रिकामे होण्याचे प्रमाण 27 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आले. आधीच सुस्तावलेल्या जठरावर दुसरा लगाम घालायचा आणि त्याला मळमळीवरचा उपाय म्हणायचे, हे समजण्यापलीकडचे आहे. व्हिनेगरने भूक कमी होते असे म्हणतात, त्याचीही तपासणी ब्रिटनमधील संशोधकांनी केली आणि ती भूक बऱ्याच अंशी मळमळ व नकोशा चवीमुळे मंदावते असे त्यांना आढळले. ज्याला औषधाने आधीच उलट्या होत आहेत, त्याच्या अन्ननलिकेला आणि दातांना जठरातल्या आम्लाचा त्रास सोसावा लागतोच. त्यात साधारण पाच टक्के ॲसेटिक आम्लाच्या द्रवाची रोज भर कशाला?

साखरेबाबत संदेशात थोडे तथ्य आहे. पिष्टमय जेवणासोबत घेतलेल्या व्हिनेगरने जेवणानंतरची साखर काहीशी कमी चढते, हे अनेक छोट्या अभ्यासांत दिसले आहे. परंतु ज्यांना या इंजेक्शनसोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी सुरू आहे, त्यांच्यात साखर एकदम खाली जाण्याचा धोका आधीच असतो. इन्सुलिनची मात्रा आणि वेळ जेवणातली साखर रक्तात केव्हा पोहोचणार यावर ठरते. जठर उशिरा रिकामे झाले की हे गणित चुकते.

गोळीच्या रूपातील सेमाग्लुटाइड, म्हणजे रायबेल्सस, घेणाऱ्यांनी तर ‘सकाळी उपाशीपोटी’ या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. ती मधुमेहाची गोळी आहे आणि काही जण ती वजनासाठीही घेतात. ती रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त 120 मिलिलिटर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नाही, अशी स्पष्ट सूचना आहे. त्यामागे कारण आहे: गोळीतला एक साहाय्यक घटक तिच्या अगदी लगतचे आम्ल सौम्य करतो आणि त्यामुळेच औषध जठराच्या अस्तरातून रक्तात जाऊ शकते; तरीही गोळीतला अत्यल्प अंशच शोषला जातो. त्याच अर्ध्या तासात पेलाभर आम्लयुक्त पाणी पिणे म्हणजे महागडी गोळी वाया घालवण्याचा धोका पत्करणे होय. इंजेक्शनला हा प्रश्न नाही, कारण ते त्वचेखालून थेट शरीरात जाते.

औषध सोडता येते, या दाव्यावर फार लिहिण्यासारखे नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असे सेमाग्लुटाइडच्या वर सांगितलेल्या मोठ्या चाचणीतील सहभागींच्या पुढील पाहणीत दिसले. जपानमधील व्हिनेगर पिणाऱ्यांचेही वजन ते थांबवल्यावर पुन्हा वाढू लागले. औषध बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांनी आहार, व्यायाम आणि तपासण्या पाहून घ्यायचा असतो.

राहिला ‘नैसर्गिक’ हा शब्द. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे 1998 मध्ये एका 28 वर्षांच्या स्त्रीची हकिकत प्रसिद्ध झाली: सहा वर्षे रोज सुमारे 250 मिलिलिटर ॲपल सायडर व्हिनेगर प्यायल्यावर तिच्या रक्तातील पोटॅशियम फार खाली गेले होते आणि हाडे ठिसूळ झाली होती. ही मात्रा संदेशातल्या मात्रेच्या कितीतरी पट आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो. तरीही रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच कमी होत असते, आणि वजनाच्या औषधामुळे जुलाब-उलट्या झाल्यास ते आणखी घटते. अशा माणसाने ‘थोडेच तर आहे’ असे म्हणून चालत नाही. व्हिनेगरच्या गोळ्यांचे तर आणखी वेगळे: 2005 मध्ये अमेरिकेत आठ उत्पादने तपासली तेव्हा त्यांतील आम्लाचे प्रमाण सुमारे एक टक्क्यापासून दहा टक्क्यांहून अधिकपर्यंत निघाले, आणि ही तपासणी झाली तीच मुळी अशी एक गोळी घशात अडकून एका स्त्रीच्या अन्ननलिकेला इजा झाल्यामुळे.

कोशिंबिरीत किंवा सॅलडमध्ये चमचाभर व्हिनेगर घालायला माझी हरकत नाही. अन्नात मिसळलेले, विरळ झालेले व्हिनेगर बहुतेकांना बाधत नाही. जे आधीपासून रोज पीत आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे, किती आणि कधी पितो तेही सांगावे. मळमळ होत असेल तर डोस वाढवण्याची घाई टाळणे, एका वेळी थोडे खाणे, तेलकट कमी करणे आणि पाणी पीत राहणे हे उपाय डॉक्टर सांगतातच. उलट्या थांबत नसतील, पोटात तीव्र वेदना होत असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर कोणताही घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.