जरा गाव दाखव

बुधवारी रात्री पुण्याहून ताईचा फोन आला. "शनिवारी सकाळी दोघं उतरतात. रविवारी रात्रीच्या बसनं परत. दोनच दिवस आहेत, तेव्हा जरा गाव दाखव हं."

दोघं म्हणजे माझी भाची आणि तिचा तीन महिन्यांचा नवरा. नवरेपणाला तीन महिने झालेले. एरवी माणूस तिशीचा, दाढीवाला आणि ताईच्या शब्दांत सांगायचं तर 'इतिहासाचा भयंकर नाद असलेला'. मला त्या नादाची भीती वाटली नाही, 'जरा'ची वाटली. 'जरा पंखा बघता का' म्हणून मी एकदा स्टुलावर चढलो होतो, उतरलो तो सव्वा महिन्याच्या प्लास्टरसकट.

पण नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? जन्म बेळगावचा, शाळा बेळगावची, नोकरीही इथंच. चोपन्न वर्षं ज्या गावात काढली ते दाखवायला काय अभ्यास करायचा? जेवणं झाल्यावर एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तिच्या कोऱ्या बाजूवर ऐटीत 'शनिवार, सकाळी ८, किल्ला' असं लिहिलं आणि तिथंच पेन थांबलं. किल्ल्यात काय काय आहे?

मी किल्ल्यात गेलो नाही असं नाही, शंभरदा गेलो असेन. पण ते सरकारी कचेऱ्यांतल्या कामांसाठी. किल्ल्यातल्या झेरॉक्सवाल्याला मी तोंडानं ओळखतो. कमल बस्ती, म्हणजे किल्ल्यातलं जुनं जैन मंदिर, मात्र पाचवीत असताना शाळेच्या सहलीत पाहिली. त्या सहलीतलं मला एवढंच आठवतं की माझ्या डब्यातल्या शंकरपाळ्या कुणीतरी पळवल्या आणि मी बस्तीच्या पायरीवर बसून रडलो. शिल्पकला वगैरे बघायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

मग रात्री एकपर्यंत अभ्यास केला. १२०४ साली रट्टांच्या राजवटीत बिचीराजानं किल्ला बांधला. कमल बस्ती त्याच काळातली, आत नेमिनाथांची काळ्या दगडाची मूर्ती आणि मंडपाच्या छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ. पाकळ्या बहात्तर. भूतकाळातले चोवीस तीर्थंकर, वर्तमानातले चोवीस, भविष्यातले चोवीस. चोपन्न वर्षं मी ह्या बहात्तर पाकळ्यांपासून दोन-तीन किलोमीटरवर झोपतोय आणि मला पत्ता नाही. सकाळी चहाच्या वेळी हे हिला सांगितलं तर म्हणाली, "असतील की. दूध उतू जातंय बघा."

मी आणखी एक चूक केली. माझा कार्यक्रम घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हेतू शुद्ध होता, लोकांनी वा वा म्हणावं एवढाच.

दहा मिनिटांत मेहुण्यानं लिहिलं, "कित्तूर नाही? चन्नम्माच्या गावावरून जायचं नाही म्हणजे काय?" कित्तूर पन्नासेक किलोमीटर. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणीच्या सैन्यानं इंग्रजांच्या थॅकरे साहेबाला कसं लोळवलं ते त्यानं चार मेसेजांत सविस्तर लिहिलं, शेवटी हात जोडलेले. चुलतभाऊ म्हणाला, गोकाकचा धबधबा हवाच. दिवस फेब्रुवारीचे. आमच्या नळाला पाणी दिवसाआड, तिथं घटप्रभेच्या कड्यावरून कोण कोसळणार? बावन्न मीटरचा कोरडा खडक दाखवायला मी पाहुण्यांना साठ-पासष्ट किलोमीटर न्यायचं? तर म्हणाला, "झुलता पूल आहे की. आणि करदंट मिळतंय." करदंट म्हणजे तिकडची सुक्यामेव्याची मिठाई. साडूंनी राजहंसगड सुचवला. गड जवळ आहे, वर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळाही आहे. २०२३ च्या मार्चमध्ये दोन पक्षांनी तीन दिवसांच्या अंतरानं त्याचं दोनदा अनावरण केलं. आमच्याकडं पुतळ्याचं अनावरण दोनदा होतं आणि ठरलेली सहल एकदाही होत नाही.

माझ्या मनात हलशी होती. रविवारी सकाळी निघायचं, खानापूरवरून हलशीला जायचं, कदंबांचं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायचं. तिथं दोन गाभारे समोरासमोर आहेत. भक्त मधे उभा राहिला की एका देवाकडं पाठ होतेच. ही अवस्था मला नवीन नाही. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला ही, अशी पंचवीस वर्षं मी मधेच उभा आहे.

आणि मग अनगोळच्या आत्याचा व्हॉइस मेसेज आला. "एकवेळचं जेवण आमच्याकडं. नाही म्हणायचं नाही." लगेच शहापूरच्या काकूंचा. मग वडगावची मामी. मग हिच्या माहेरचे, रामदेव गल्लीतले.

ह्यावर इतिहासात उतारा आहे का, म्हणून मी पाहिलं. नाही. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं उतरले आणि मग किल्ल्यात वनखात्यातले हरिपद मित्र यांच्याकडं राहायला गेले. चरित्रकार ह्याचं काहीही कारण देवोत, 'त्यांच्याकडं राहिलात, मग आमच्याकडं कधी?' हा प्रश्न तेव्हाही निघाला असणार अशी माझी खात्री आहे. संन्याशाला जे चुकलं नाही ते जावयाला कसं चुकावं?

शनिवारी सहाला दोघं उतरली. जावईबापूंच्या पाठीवर सॅक, हातात वही. वहीत पेन्सिलीनं काढलेला बेळगावच्या किल्ल्याचा नकाशा! खंदकासकट. मला एकदम पेपर फुटल्यासारखं वाटलं, फक्त फुटला होता तो त्यांच्याकडं.

"मामा, आठला निघूया?" ते म्हणाले.

"निघूया की," मी म्हणालो.

"वाटेत फक्त पाच मिनिटं शहापूरला," आतून ही म्हणाली.

टिळकवाडीतून किल्ल्याला जाताना शहापूर वाटेत येत नाही. तसं म्हटलं तर गोवाही येत नाही. पण काकू असली की वाट वळते.

काकूंनी पोहे केले होते, शिरा केला होता, आणि 'काहीच केलं नाही बघा' असंही म्हणाल्या. भाचीची ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. जावयाला टॉवेल-टोपी आणि अर्धा किलो कुंदा, म्हणजे आमच्या बेळगावची दुधाची मिठाई. मग पदर सावरून समोर बसल्या आणि विचारलं, "मग काय काय बघितलासा बेळगावात?"

"अजून काही नाही," जावई म्हणाले.

"कमल बस्ती बघा. फार छान आहे म्हणतात."

त्या 'म्हणतात'वर जावयांनी वहीतून मान वर केली. मी पोह्यातला शेंगदाणा शोधू लागलो.

तिथून निघालो ते साडेदहाला, आणि दुसऱ्या रेल्वे गेटावर अडकलो. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की टिळकवाडीत काळ घड्याळानं मोजत नाहीत, गेटानं मोजतात. लग्नाला उशीर झाला तर 'गेट पडलं होतं' एवढंच म्हणायचं, पुढं कुणी विचारत नाही. आमच्या पुढं एक रिक्षा होती, तिच्यात खालपासून वरपर्यंत फ्लॉवरचे गड्डे आणि त्यांच्यावर कसाबसा बसलेला एक पोरगा. मालगाडी आली. डबे मोजायची माझी लहानपणची सवय, एकेचाळीसपर्यंत मोजले. गाडी गेली. गेट हलेना. म्हणजे उलट बाजूची यायची होती. स्कूटरवाल्यांनी इंजिनं बंद केली. एकानं शेंगा काढल्या.

एवढा वेळ फुकट कशाला घालवायचा म्हणून मी तिथंच स्थलदर्शन सुरू केलं. इथून जवळच १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते ह्या अधिवेशनात. त्या जागेचं नाव विजयनगर ठेवलं होतं. अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खणलेली विहीर अजून आहे. जावई भराभरा लिहून घेत होते. "विहीर बघूया की मग, मामा!" एवढ्यात गेट उघडलं आणि मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले. त्या रेट्यात आम्ही पुढं गेलो आणि विहीर मागं राहिली.

कारण बारा वाजता अनगोळ होतं. आत्याकडं पुरणपोळी. पुरणपोळीनंतर कुणीही किल्ला जिंकलेला नाही. चार वाजता उठलो. चहा, खण, नारळ, कुंदा, आणि तोच प्रश्न.

"कमल बस्ती बघायला पाहिजे होतीसा," आत्या म्हणाली. "आमचे हे नेहमी म्हणायचे, एकदा जाऊया म्हणून."

काका जाऊन अकरा वर्षं झाली.

वडगावला सहा वाजले. वडगावच्या मामीनं मांडे आणून ठेवले होते. मांडा म्हणजे पालथ्या भांड्यावर भाजलेली, कागदासारखी पातळ, आत पिठीसाखर घालून घडी केलेली पोळी. नवख्या माणसाला ती धरायची कुठून हेच कळत नाही. जावयांनी मधून धरली. पहिल्या घासाला तिचा चुरा झाला आणि पिठीसाखर दाढीतून वहीवर, थेट किल्ल्याच्या पश्चिम बुरुजावर पडली. ते फुंकर मारायला गेले. फुंकर मारायची नसते. मामीचा नवा सोफा मरून रंगाचा होता, ते तेव्हा कळून आलं.

रामदेव गल्लीतून रात्री पावणेदहाला परतलो तेव्हा डिकीत चार नारळ, चार खण आणि दोन किलो कुंदा होता. प्रेक्षणीय स्थळं शून्य. किल्ल्याच्या खंदकाशेजारून गाडी गेली तेवढंच. अंधारात मी हातानं दाखवलं, "हा किल्ला." जावयांनी काचेला नाक लावलं. भाची मागं झोपली होती.

"मामा, उद्या हलशी नक्की ना?" ते म्हणाले.

"नक्की," मी म्हणालो. पण उद्याचं जेवण घरी होतं, आणि जेवायला शेजारच्यांना बोलावलेलं आहे हे मला हिनं गाडीतच सांगितलं होतं, कुजबुजत.

रविवारी साडेसहाला उठलो तर पाहुण्यांची खोली रिकामी. सॅक तिथंच, वही नाही. ही घाबरली. "रागावून गेले का हो?" मीही घाबरलो, पण मला ताईच्या फोनची भीती जास्त होती. फोन लावला तर जावयांचा मोबाइल आमच्याच घरात, चार्जिंगला वाजत होता.

साडेनऊला दोघं हसत आली. पहाटे पाचला उठून, गेट पडायच्या आत ती बाहेर पडली होती. बसनं जायचं म्हणून थांब्यावर उभी राहिली. बसवरच्या पाट्या कन्नडमधल्या, दोघांना एक अक्षर कळेना. शेवटी एका कंडक्टरनंच वाकून विचारलं, "कुठं जाऊलालाय?" किल्ला म्हटल्यावर त्यानं चढवून घेतलं आणि जवळ उतरवताना कुठून वळायचं तेही सांगितलं. तिथून खंदकाच्या कडेनं चालत दरवाज्यातून आत. साफा मशीद पाहिली, रामकृष्ण मिशनच्या आश्रमात बसून आली, येताना कॅम्पात मिलिटरी महादेवाला जाऊन इडली खाल्ली.

"आणि कमल बस्ती?" मी विचारलं.

भाचीनं मोबाइल पुढं केला. खालून वर घेतलेला फोटो. काळपट दगडाचं कमळ छतातून खाली उतरलेलं, पाकळीवर पाकळी. "मी मोजल्या, मामा. बहात्तर आहेत बरोबर. तुम्ही मोजल्यात ना कधी?"

"लहानपणी," मी म्हणालो. शंकरपाळ्यांचं काढलं नाही.

रविवारचा उरलेला दिवस मला स्वच्छ आठवत नाही. शेजारचे जेवायला आले आणि त्यांनीही तेच विचारलं, काय काय बघितलंत. ह्या वेळी जावयांकडं उत्तर होतं. त्यांनी रट्टांपासून सुरुवात केली. शेजारचे अण्णा ह्या गल्लीत साठ वर्षं राहतात. ते कमल बस्तीविषयी पुण्याच्या माणसाकडून ऐकत होते आणि मधूनमधून 'हां हां, तीच ती' म्हणत होते. हलशीचं नाव कुणी काढलं नाही. हिनं पाचवा खण आणि पाचवा नारळ काढला. बसच्या क्लीनरनं सॅक उचलून बघितली आणि विचारलं, "दगड भरलाय काय?" अडीच किलो कुंदा होता.

सोमवारी माझी रजा होती, पाहुणे गेल्यावर विश्रांती म्हणून टाकलेली. दहा वाजता हिला 'जरा जाऊन येतो' म्हणालो आणि स्कूटर काढली. गेट उघडं होतं, हाही एक शकुनच. किल्ल्यात शिरलो, झेरॉक्सवाल्यानं हात केला, मी न थांबता पुढं गेलो.

बस्तीच्या दारात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझा चेहरा बघून त्यांना मी पाहुणा वाटलो असणार. "एल्लिंद बंदीरी?"

"टिळकवाडी," मी म्हणालो.

त्यांनी मराठीत वळून पुन्हा विचारलं, "मूळचे कुठले?"

"टिळकवाडीचाच."

"मग पहिल्यांदाच आलाय काय?"

मी चपला काढल्या. आत गार होतं. फरशी पायाला ओलसर लागत होती आणि कुठंतरी पारवा घुमत होता. मान वर केली. फोटोत दिसतं त्यापेक्षा ते बरंच खाली आलेलं आहे. हात वर केला तर लागेल की काय असं वाटतं, लागत नाही. मोजायला घेतलं. गोल वस्तू मोजण्यात अडचण ही की सुरुवात कुठून केली तेच विसरायला होतं. एका पाकळीवर काळा डाग होता, ती पहिली धरली. एकेचाळीसपर्यंत आलो आणि खिशातला फोन वाजला.

ताई. "अरे, काय सुरेख गाव दाखवलंस म्हणे! जावई तर तिथंच राहायचं म्हणतात. आता त्यांचे आई-वडीलपण यायचं म्हणतायत, पुढच्या महिन्यात. दोनच दिवस. जरा..."

"ताई, मी देवळात आहे," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

मान खाली घातल्यामुळं डागाची पाकळी हरवली होती. म्हातारबुवा दारातून बघत होते. मी ती शोधून काढली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.