कानबाई रविवारी, बाजार शनिवारी

युरोपात राहणाऱ्या खान्देशी जोडप्यांनी कानबाई, म्हणजे आपल्याकडचा श्रावणातला देवीचा सण, "जमेल त्या शनिवारी" उरकू नये, असं माझं ठाम मत आहे. दिवाळी, पाडवा, संक्रांत मधल्या वारी आली की तिकडे सुट्टी नसते, मग सण पुढच्या शनिवारी ढकलावा लागतो, ते समजतं. पण कानबाईचा वारच रविवार आहे. श्रावणात नागपंचमी झाली की येणारा पहिला रविवार. २०२६ साली नागपंचमी १७ ऑगस्टला, सोमवारी आहे, म्हणजे कानबाई २३ तारखेला. त्या दिवशी जळगाव, धुळे, नंदुरबारात घरोघरी चौरंग मांडलेला असतो आणि आपली पोरं मात्र शनिवारी-रविवारी प्रागला किंवा पॅरिसला असतात, कारण तिकीट आधीच काढलेलं होतं. घरून फोन आल्यावर मग आठवण होते.

म्हणून वर्षाचं कॅलेंडर हातात आलं की आधी त्यावर आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई, पोळा, दिवाळी लिहा आणि मग सहली. ऑगस्टमध्ये तसंही तिकडे शाळांना सुट्ट्या असतात, विमानाची आणि हॉटेलांची भाडी चढलेली असतात. त्या एका आठवड्यात घरी थांबलात तर पैसेही वाचतात.

आता कानबाईची प्रत्यक्ष तयारी. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनातली थोडी दुकानं तेवढी उघडी असतात, पण तिथे कोथिंबीर आणि नारळ मिळेल या भरवशावर राहू नये. सगळा बाजार शनिवारी संध्याकाळच्या आत घरात हवा. नारळ, हरभऱ्याची डाळ आणि गूळ भारतीय दुकानात मिळतो. हिरवी मिरची, वांगी, कोथिंबीर तुर्की दुकानात ताजी आणि स्वस्त पडते. गंगाफळाच्या जागी बटरनट नावाचा लांबट भोपळा घ्या, तो आपल्या गंगाफळाच्या सगळ्यात जवळचा. होक्काइडो भोपळा कोरडा आणि पिठूळ असतो, त्याची भाजी शिजताना पाणी मागते.

रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू पुरुषामागे सव्वा मुठीच्या हिशोबाने काढायची रीत बऱ्याच घरांत आहे. तयार पीठ मोजून घेतलं तर त्याला रोट म्हणता येत नाही, असं घरच्या मोठ्या बाया म्हणतात आणि मला ते पटतं. अख्खे गहू बायो म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानात मिळतात, काही बायो दुकानांत ते समोर दळूनही देतात. ती सोय नसेल तर घरच्या मिक्सरमध्ये थोडे थोडे, थांबून थांबून दळा. एकदम दळले तर पीठ तापतं आणि पोळी तुटते. दळलेलं दोनदा चाळा, वर राहील तो रवाळ भाग खिरीला वापरा. रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे असतात, तेव्हा मित्रमंडळी जेवायला येणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळी कणीक भिजवा. हे आदल्या दिवशी ठरवलं नाही तर ऐन वेळी पातेली सरमिसळ होतात.

कुकर आणि तवा सोबत नेणाऱ्यांनी घरूनच एक परीक्षा करावी. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ते इंडक्शनवर चालेल, नाही चिकटला तर बॅगेतलं तेवढं वजन वाया गेलं. ॲल्युमिनिअमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तिकडे काही घरांत काचेच्या पृष्ठभागाची साधी विजेची शेगडी असते, तिच्यावर ॲल्युमिनिअम चालतं, पण बूड सपाट हवं. खापरावरच्या मांड्यांचा हट्ट मात्र त्या शेगड्यांवर धरू नये. खापराला सगळ्या बाजूंनी जाळ लागतो, सपाट शेगडी फक्त मधोमध तापते. मांडा मधे करपतो आणि कडेला कच्चा राहतो. साधी पुरणपोळी करा, देवीला तीही चालते.

वेळेचं गणित आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे. ऑगस्टच्या मध्यावर जर्मनीत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, आणि रात्री दहानंतर आवाज करायचा नसतो. म्हणजे दिवेलागणीनंतर गाण्यांना जेमतेम दीड तास. ढोलकी-टाळ त्या वेळात वाजवा, नंतर खिडक्या लावून हळू आवाजात म्हणा. शेजाऱ्यांच्या दारावर दोन ओळींची चिठ्ठी चार दिवस आधी लावली की तक्रार सहसा होत नाही. धूप आणि ऊद स्मोक अलार्मच्या खाली लावू नका. चौरंग खिडकीजवळ मांडा आणि धुपाच्या वेळी खिडकी पूर्ण उघडा. अलार्मवर पिशवी बांधून ठेवणं धोक्याचं आहे, सण झाल्यावर ती काढायची विसरते.

उन्हाळ्यात आपली वेळ तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. घरची रात्री आठची आरती तिथे दुपारी साडेचारला दिसते, म्हणून चौरंग दुपारीच मांडून ठेवला तर दोन्हीकडे एकदम आरती होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलली की फरक साडेचार तासांचा होतो. दिवाळीत फोनची वेळ चुकते ती यामुळेच.

सोबत काय न्यावं याबद्दल घरच्यांना फार गैरसमज असतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. भारतातून युरोपियन युनियनमध्ये येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप, श्रीखंड या सगळ्याला. माय मोठ्या मायेने घरचं तूप बांधून देते आणि ते विमानतळावर कचऱ्यात जातं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि पेरायचं बी यांना रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, म्हणून कैऱ्या आणि हिरव्या मिरच्याही ठेवू नका. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना त्यातून सूट आहे. काळा मसाला, कळण्याचं पीठ, मुगाच्या वड्या, बिबडे, पापड, शेव हे बिनधास्त न्या. कुरडया मात्र पिशवीत नेल्या तर भुगा होतो. कडक डब्यात, मधे मधे कापडाच्या घड्या घालून भरा. तिकडच्या दुकानातलं ज्वारीचं पीठ बरेचदा जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. ते पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं तर थापता येतं.

आखाजीला दोन अडचणी येतात, घागर आणि आंबा. बागेच्या दुकानातल्या मातीच्या कुंड्यांना खाली भोक असतं, त्यात पाणी राहत नाही. त्यापेक्षा तांब्या किंवा पितळी कळशी भरलेली बरी. वर ठेवायला डांगर म्हणून गालिया नावाचं जाळीदार खरबूज चालतं. आमरसासाठी ८५० ग्रॅमचा डबा मिळतो, त्यात आधीच साखर असते, वरून घालू नका. शिवाय आखाजी एप्रिल-मेमध्ये येते. १ मेची सुट्टी आणि ईस्टरनंतर ३९ व्या दिवशी येणारा असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार याच दिवसांत असतो. त्या गुरुवारनंतर शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. फिरायचे दिवस ते. तेव्हा भाडी ऑगस्टइतकी चढलेली नसतात आणि दिवसही मोठा असतो.

फिरण्याबद्दल माझं मत असं की दर शनिवारी विमान पकडण्यापेक्षा दोन-तीन तासांच्या टप्प्यातली गावं आधी बघावीत. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर आहे, देश बदलतो आणि अंतर मात्र जळगावहून पारोळ्याला जाण्याएवढं. जर्मनीत राहणाऱ्यांना डॉइचलांडटिकेट हे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट आहे. ते मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो महिना आहे. लोकल, ट्रॅम, बस आणि रिजनल गाड्यांत चालतं, वेगवान आयसीई आणि आयसी गाड्यांत चालत नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंतही रिजनल गाडीने त्याच तिकिटावर जाता येतं. भारतातून आई-बाबा महिनाभर आले तर त्यांच्यासाठीही काढा, पण ते आपोआप पुढच्या महिन्यासाठी चालू राहतं. १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. खूप जण इथेच फसतात.

शेंगेन म्हणजे युरोपातला एका व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट, त्यातल्या एका देशाचं रेसिडन्स परमिट असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, मात्र तिथे फ्रँक चालतो. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, भारतीय पासपोर्टला तिथला वेगळा व्हिसा लागतो. प्रवासात पासपोर्ट आणि परमिट दोन्ही मूळ प्रती सोबत ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही. इटलीत रिजनल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

श्रावण पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राईज गुरांच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे, विचारल्याशिवाय खाऊ नका. शिदोरीला दशम्या आणि दाण्याची चटणी सगळ्यात बरी. विमानात ठेच्याची आणि लोणच्याची बाटली हातातल्या पिशवीत बऱ्याच विमानतळांवर अजूनही १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही.

नाताळात जर्मनीत २४ तारखेला दुपारी दुकानं बंद होतात ती २७ लाच उघडतात, २७ ला रविवार आला तर २८ ला. नाताळचे बाजार नोव्हेंबरच्या अखेरीस भरतात आणि पुष्कळ ठिकाणी २३-२४ डिसेंबरला आवरतात, म्हणून ते ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चारपैकी एखाद्या, रविवारी बघून घ्या. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासून भरतो, तो चुकवू नये. २५-२६ ला सगळं बंद असतं तेव्हा भरताची पार्टी करा. चंपाषष्ठी झालेली असते, आपल्याकडेही तेव्हा भरीतच चाललेलं असतं.

भरतासाठी तिकडची जांभळी मोठी वांगी घ्या, किलोभर. आपल्या हिरव्या वांग्यापेक्षा त्यांत पाणी फार. काट्याने आठ-दहा ठिकाणी टोचा, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतात. वरचा ग्रिल २४० अंशांवर ठेवून चाळीस मिनिटं भाजा, दर दहा मिनिटांनी फिरवा. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, साल सोलून गर चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या. हा निथळायचा वेळ टाळला की भरीत पाणचट होतं. बारा हिरव्या मिरच्या आणि पंधरा लसूणपाकळ्या तेलावर भाजून वांग्यात लाकडी मुसळीने ठेचा. मिक्सर लावू नका, चिकट लगदा होतो. दोन जुड्या कांद्याची पात, मूठभर शेंगदाणे, कोथिंबीर आणि पळीभर कडकडीत तेल. काडक्यांवर भाजल्याचा वास येणार नाही. कोळशाच्या शेगडीवर बाल्कनीत भाजायचं असेल तर आधी भाडेकरार वाचा, बऱ्याच इमारतींत त्याला मनाई असते, विजेचा ग्रिल चालतो.

राहिलं कानबाईचं विसर्जन. ते सोमवारी सकाळी असतं आणि सोमवार कामाचा. रजा मे-जूनमध्येच मागून ठेवा, ऑगस्टात सहकाऱ्यांच्या सुट्ट्या आधीच लागलेल्या असतात. रजा नाही मिळाली तर पहाटे साडेपाचला विसर्जन करा, तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात आणि गावची मिरवणूक फोनवर सोबत दिसते. नारळ आणि निर्माल्य नदीत सोडू नका, तिकडे तो कचरा टाकल्याचा गुन्हा धरला जातो. मोठ्या बादलीत पाणी घ्या, गावाकडच्या नदीचं नाव घेऊन त्यात विसर्जन करा आणि ते पाणी झाडांना घाला.