बाहेरून आलेल्यांना इथल्या मातीची कळकळ नसते?

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. थोडक्यात तो असा : जो जिथं जन्मला त्यालाच तिथल्या नदीची, झाडांची कळकळ असते. बाहेरून आलेला माणूस जागा वापरतो, रान संपवतो आणि पुढं जातो. त्याला पोटाची चिंता, निसर्ग त्याला परवडत नाही. म्हणून शाश्वत विकासाचं खरं शिक्षण स्थानिक मुलांना द्यावं. स्थलांतरितांच्या मुलांना नियम शिकवले तरी पुरे. शिक्षक मंडळीही हे पुढं पाठवताना दिसतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला दावा जन्माचा. मानववंशशास्त्रज्ञ लीसा माल्की यांनी १९८०च्या दशकात टांझानियात बुरुंडीहून आलेल्या हुतू जमातीच्या निर्वासितांचा अभ्यास केला. १९७२च्या कत्तलीनंतर ही माणसं देश सोडून पळाली होती. त्यातल्या काहींना लोकवस्तीपासून दूर, छावणीत ठेवलं गेलं. काही किगोमा शहरात जाऊन राहिली. छावणीतल्यांनी ‘आम्ही परागंदा राष्ट्र आहोत’ ही ओळख घट्ट धरून ठेवली. शहरातले मात्र शेजारपाजाऱ्यांत, कामधंद्यात, सोयरिकीत मिसळून गेले. दोघांची जन्मभूमी एकच होती आणि पळून यायचं कारणही एकच. तरी नव्या जागेशी नातं वेगवेगळं जुळलं, कारण त्यांना राहायला मिळालं तेच वेगळ्या तऱ्हेनं. आपलेपण रक्तातून येत असतं तर असा फरक पडलाच नसता.

‘माणूस येऊन वसला की रान संपतं’ हा त्या मजकुराचा खरा आधार आहे, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात, किसिदुगू भागात गवताळ माळावर जागोजागी दाट झाडीची बेटं दिसतात आणि बहुतेक बेटांच्या पोटात एकेक गाव असतं. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून अधिकारी सांगत आले की पूर्वी इथं सलग जंगल होतं, गावकऱ्यांनी ते तोडलं, ही बेटं म्हणजे उरलेले तुकडे. जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच हे मानववंशशास्त्रज्ञ १९९०च्या दशकात तिथं राहिले. त्यांनी वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि १९५२ची हवाई छायाचित्रं नंतरच्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली. बरीचशी बेटं आधी नव्हतीच! माणसं उघड्या माळावर वसली, त्यांनी वस्तीभोवती लवकर वाढणारी झाडं लावली आणि वणवा अडवला. कडेच्या गवतावर गुरं चरली, परसबागांनी जमीन मऊ झाली आणि झाडी वाढली. ज्यांनी रान उभं केलं त्यांनाच कित्येक वर्षं रान बुडवणारे ठरवून दंड केले गेले. मला या प्रकरणाचा अजूनही राग येतो.

त्या मजकुरातली एक गोष्ट मान्य करायला हवी. नवा आलेला माणूस नदीला पूर कधी येतो, कुठलं झुडूप विषारी, हे जाणत नाही. ते कळायला वर्षं जातात. आणि काही ठिकाणी नव्या वसाहतींनी जमिनीची नासाडी केलीही आहे. पण जिथून कधीही हुसकावतील अशा जमिनीवर, वीस वर्षांनी उपयोगी पडेल असं झाड कोण लावील? स्थानिक कूळही लावणार नाही. तिथं अडचण जमिनीच्या हक्काची असते.

आता पोटाचा दावा. गरिबांना निसर्ग परवडत नाही, या समजुतीला इतिहासकार रामचंद्र गुहा आणि अर्थशास्त्रज्ञ होआन मार्टिनेझ-अलिएर यांनी १९९७ मध्येच सविस्तर उत्तर दिलं आहे : ज्यांचं पोट जंगल-पाण्यावर असतं, ते त्यासाठी भांडतात. मानववंशशास्त्रज्ञ ॲना त्सिंग यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात मात्सुताके नावाची अळंबी गोळा करणाऱ्यांबरोबर काम केलं. त्यांत लाओस-कंबोडियाच्या युद्धांतून निसटून आलेले मोंग, मिएन, ख्मेर लोक बरेच. ही अळंबी वर येण्याआधी पाइनच्या पानगळीखाली दडलेली असते. वरची माती किंचित फुगलेली दिसते, तेवढीच खूण. ती ओळखायला ऊन, पाऊस, झाडांचं वय सगळं वाचता यावं लागतं. हे लोक ती विकून घर चालवतात. पोट आणि जंगलाची जाण तिथं एकाच कामात आहेत.

राहिला शिक्षणाचा मुद्दा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसॉन शहरात लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेस या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच मेक्सिकन मूळ असलेल्या कामगार कुटुंबांच्या घरी पाठवलं. उपदेश करायला नव्हे, शिकून यायला. १९९२ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. ‘मागास’ म्हटल्या जाणाऱ्या त्या घरांत शेती, सिंचन, गुरांची निगा, वनौषधी, बांधकाम यांचं ज्ञान भरलेलं होतं आणि शाळेला त्याचा पत्ताच नव्हता. शिक्षकांनी मग त्यातून पाठ रचले, पालकांना वर्गात शिकवायला बोलावलं.

‘फक्त नियम शिकवा’ म्हणणाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी शिक्षणाविषयीचं ४.७ हे उद्दिष्ट वाचावं. २०३० पर्यंत शाश्वत विकासाचं ज्ञान सर्व शिकणाऱ्यांना मिळावं असं त्यात म्हटलं आहे आणि सांस्कृतिक विविधतेची कदरही त्याच वाक्यात आहे. स्थलांतरितांची मुलं त्या ‘सर्व’मध्ये येतात. शाळेच्या बागेत काय लावायचं, पाणी कसं वाचवायचं हे ठरवायला मुलं बसतील तेव्हा तीही त्या बैठकीत हवीत, आणि त्यांच्या आईबापांनाही विचारायला हवं.