मंद वाऱ्यात हलकी नाव चालत नाही, हे खरं नाही

गेले दोन आठवडे कोल्हापुरातल्या पोहणाऱ्यांच्या आणि ट्रेकिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. निमित्त एवढंच, की आम्ही काही जणांनी मिळून पोरांना शिकवायला एकट्याने चालवायची शिडाची रेसिंग नाव, म्हणजे डिंगी, आणायचा विचार बोलून दाखवला. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. ही तीस किलोची नवी नाव जोराच्या वाऱ्यासाठीच आहे. वारा मंद असला की जुनी जड नावच पुढे जाते, कारण जडपणाला रेटा असतो. मंद वाऱ्यात शीड होईल तेवढं फुगवायचं आणि गप्प बसायचं, बाकी सगळं नशीब. अंगाने नाव डोलवणं ही लबाडी. साठ किलोंच्या वरच्या माणसाने या नादी लागू नये. असल्या वाऱ्यात लाइफ जॅकेटची गरज नसते. आणि शेवटी, कोल्हापूरला ना समुद्र ना वारा, तेव्हा हा खेळ आपला नव्हे.

चार जणांनी मला हा मजकूर पाठवून "खरं का हो हे?" असं विचारलं. नोकरीनिमित्त इंग्लंडच्या दक्षिणेला होतो, तेव्हा तिथल्या एका जलाशयावर मी दोन हंगाम जुनी लेझर चालवली, जिला आता इल्का म्हणतात, आणि पुढचे दोन हंगाम आरएस एरो. मजकुरातली 'नवी नाव' ती ही एरो, आणि 'जुनी जड नाव' म्हणजे लेझर. त्या जलाशयावर निम्मे रविवार तरी वारा पडलेलाच असायचा. त्यामुळे या विषयावर ऐकीव बोलत नाही.

आधी जडपणाचं बघू, कारण सगळा मजकूर त्यावर उभा आहे. लेझर ही ब्रूस कर्बी यांची रचना. 1971 साली ती बाजारात आली आणि तिचं नुसतं धड 59 किलोंचं आहे. एरो 2014 साली आली, जो रिचर्ड्स यांची रचना, धड 30 किलोंचं. दोन्हींची लांबी जवळपास सारखीच, चार मीटरच्या आसपास. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, हे आपण शाळेतच शिकलो. म्हणजे तोच माणूस एरोवर बसला की जवळपास 29 लिटर पाणी कमी सारावं लागतं. नाव तेवढी वर तरंगते आणि तिचं भिजलेलं अंग कमी होतं. मंद वाऱ्यात नावेला अडवणारी मुख्य गोष्ट हीच, पाणी आणि अंग यांचं घर्षण. लाट उठवण्यात जाणारी ताकद ही पुढची गोष्ट, ती वेग वाढल्यावर येते.

आता वाऱ्याकडे किती बळ असतं तेही पाहा. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने बदलतो. वारा 12 नॉटवरून 4 नॉटवर आला की जोर एक तृतीयांश होत नाही, एक नवमांश होतो. 4 नॉट म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरसुद्धा नाही. साडेसात चौरस मीटरच्या शिडावर तेवढ्या वाऱ्याचा सगळा मिळून जोर अडीच किलोंच्या आसपास भरतो. एक किलोची गुळाची ढेप हातात घ्या; तशा दोन-तीन ढेपांइतकं बळ. त्यातलंही बरंचसं नावेला आडवं ढकलण्यात जातं आणि पुढे नेणारा वाटा थोडाच उरतो. एवढ्याशा बळावर माणसासकट सगळा डोलारा हलवायचा असेल, तर 29 किलो जादा घेऊन निघणं फायद्याचं कसं ठरेल?

रेट्याच्या म्हणण्यात खरं किती, तेही सांगतो. झुळूक येऊन गेली की जड नाव जास्त वेळ सरकत राहते, हे खरं. टॅक घेताना, म्हणजे नावेचं पुढचं टोक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, हलक्या नावेचा वेग चटकन मरतो, हेही खरं. पहिल्या महिन्यात मी एरोवर लेझरच्या सवयीने सुकाणू झटक्यात लोटायचो आणि मधेच उभा राहायचो. शेजारून जुन्या लेझर निघून जायच्या. तेव्हा मलाही या मजकुरासारखंच वाटलं होतं. पण झुळूक लागताच हलकी नाव आधी उठते, आणि मंद वाऱ्याच्या दिवशी अशा झुळका शर्यतीत पंचवीस-तीस वेळा येतात. सुकाणू हळू फिरवायला आणि उगाच टॅक न घ्यायला शिकलो, तसा हिशेब पालटला. एक अपवाद मात्र मानतो. वारा नाही आणि मोटरबोटीच्या लाटांनी पाणी ढवळलेलं, अशा वेळी हलकी नाव प्रत्येक लाटेवर अडखळते. तिथे जडपणा कामी येतो.

शीड फुगवण्याचा सल्ला ऐकायला पटतो, म्हणूनच तो घातक आहे. वारा शिडाला नुसता ढकलत नाही, तो शिडाच्या दोन्ही बाजूंनी वाहतो, आणि शिडाच्या पाठीकडून, म्हणजे वारा लागतो त्याच्या पलीकडच्या बाजूने, वाहणारा वारा शिडाला चिकटून राहिला तरच ओढ मिळते. दोन-तीन नॉटच्या वाऱ्यात तेवढा दम नसतो. शीड फार पोकळ असलं तर तो वळणावरच सुटतो आणि मागे नुसता भोवरा उरतो. म्हणून अगदी मंद वाऱ्यात शीड मध्यमपेक्षा थोडं सपाट ठेवायचं आणि वारा पाच-सहा नॉटच्या पुढे गेला की मग पोकळी वाढवायची. बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, खाली ओढणारा दोर सैल हवा, नाहीतर शिडाची मागची कड आवळते. पाण्यालगतचा वारा मंद आणि डोलकाठीच्या टोकाचा त्याहून जोराचा असतो, तेव्हा शिडाला वरच्या बाजूला थोडा पीळ लागतोच. हे सगळं डोळ्यांना दाखवायला शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे लावलेले असतात, त्यांना टेलटेल म्हणतात. पाठीकडचा धागा फडफडला की समजायचं, शीड जास्त ओढलंय. नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक हीच असते. नाव चालेना की ते शीड आत ओढायचा दोर आणखी ओढतात. सोडा तो दोर, चार बोटं सोडा, आणि बघा.

गप्प बसण्याचंही तसंच. बसायचं शांत, पण कुठे बसायचं त्यावर सगळं आहे. मागे बसलात तर नावेचा मागचा काठ पाण्यात बुडतो, पाणी त्याच्यामागे ओढलं जातं आणि गुळगुळ आवाज येतो. पुढे सरका, जवळजवळ डोलकाठीपाशी, आणि तो आवाज थांबेपर्यंत सरकत राहा. माझ्या कानांना तो आवाज थांबलेला कळायला एक अख्खा हंगाम लागला. मग नाव वारा जिकडे जातो त्या बाजूला किंचित कलती ठेवायची. भिजलेलं अंग आणखी कमी होतं आणि शीड आपल्याच वजनाने आकार धरतं. यात धडाचं वजन कमी असल्याचा फायदा असा, की बसणाऱ्याचं वजन एकूण वजनात मोठा वाटा धरतं. चार बोटं सरकलं तरी नाव ऐकते. तालमीत वस्ताद खांद्याला नुसतं बोट लावून तोल दाखवतात ना, तसं.

लबाडीच्या आरोपाला नियमातच उत्तर आहे. शर्यतीच्या नियमावलीतला नियम 42 सांगतो की नाव वाऱ्याने आणि पाण्यानेच चालली पाहिजे. शीड पंख्यासारखं हलवणं, नाव सारखी डोलवणं, सुकाणूने वल्हवणं याला मनाई आहे. पण टॅक घेताना नाव एकदा अंगाने डोलवायला तोच नियम परवानगी देतो. अट एवढीच, की टॅक झाल्यावर नावेचा वेग, टॅक घेतलीच नसती तर असता त्याहून जास्त होता कामा नये. मोठ्या शर्यतींत पाण्यावर पंच असतात. ते पिवळा झेंडा दाखवतात. पहिल्यांदा दाखवला तर जागेवर दोन पूर्ण फेऱ्या, दुसऱ्यांदा दाखवला तर ती शर्यत सोडून जायचं. इतकी कडक राखण असलेल्या गोष्टीला सरसकट लबाडी म्हणणं खेळाडूंवर अन्याय आहे.

वजनाबद्दल फार लिहायला नको. मंद वाऱ्यात हलक्या माणसाला थोडा फायदा असतोच. म्हणून तर एकाच धडावर वेगवेगळी शिडं चढवतात. इल्काची 4, 6 आणि 7, एरोची 5, 6, 7 आणि 9; आकडा मोठा तसं शीड मोठं. ज्याचं अंग भारी त्याने मोठं शीड घ्यावं. वजनगट ही गोष्ट कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको.

नशिबाचंही थोडक्यात. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या शिडाच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या आणि वारा नसल्यामुळे इल्काची अंतिम शर्यत दुसऱ्या दिवशी ढकलावी लागली. पुरुषांत सुवर्ण मिळालं ऑस्ट्रेलियाच्या मॅट वर्नला. त्याआधी टोकियोतही याच गटाचं सुवर्ण त्याचंच होतं. सगळं नशीबच असतं, तर दोन्ही वेळा तोच माणूस पुढे कसा येईल?

आता लाइफ जॅकेट. बाकीच्या मुद्द्यांवर मतभेद चालतील, यावर मी ऐकून घेणार नाही. मंद वाऱ्यात आपण नाव कलती ठेवायला वारा जिकडे जातो त्या बाजूला, शिडाखाली बसलेलो असतो. अशा वेळी एखादी जोराची झुळूक आली, तर आपलं वजन आधीच चुकीच्या बाजूला असतं आणि नाव डोळ्याचं पातं लवायच्या आत आडवी होते. माझी झाली आहे. एप्रिलची शांत दुपार होती, पाणी आरशासारखं. मी शिडाखाली पाण्यात गेलो, दोर पायाला गुंडाळला, आणि जॅकेटने मला वर धरून ठेवलं म्हणून तो सोडवायला वेळ मिळाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव असाच येतो. तासभर पान हलत नाही, मग धूळ उठते आणि पाच मिनिटांत झाडं वाकतात. त्यात तळ्यातलं केंदाळ पायात आलं तर पट्टीचा पोहणाराही अडकतो. ज्या कुणी हे वाक्य लिहिलं, त्याने निदान तेवढं तरी मागे घ्यावं. आपल्या ग्रुपांवर दहा-बारा वर्षांच्या पोरांचे आईबाप आहेत.

राहिला प्रश्न समुद्राचा. हांगझो आशियाई स्पर्धेत इल्का-4 मध्ये रौप्य जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशची. भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये ती घडली. समुद्रापासून भोपाळ किती लांब आहे ते नकाशात बघा. हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या शर्यती होतात, आणि आपल्या खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शीड हाकायला शिकतात. समुद्र नसलेल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 मध्ये बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला.

आणि वारा? एखाद्या संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर अर्धा तास उभे राहा. पश्चिमेचा वारा असेल तर शालिनी पॅलेसकडच्या झाडांच्या आडोशाला पाणी गुळगुळीत दिसतं, आणि तिथून थोडं अलीकडे काळसर, खरखरीत पट्टे सरकताना दिसतात. तो प्रत्येक पट्टा म्हणजे एक झुळूक. कुठला पट्टा कुठे पोहोचणार, मधे कुठे विरणार, दुसरा कुठून उठणार, हे काठावरूनच ओळखायला लागा. मी सध्या माझ्या पुतणीला तेवढंच शिकवतोय. नाव अजून आलेली नाही. काल तिने ओळीने सहा पट्टे बरोबर सांगितले, सातवा चुकला.