शाळेच्या खोलीची आडवी बाटली करू नका

परवा भावकीच्या ग्रुपवर दाजींनी एक फॉरवर्ड टाकला. लांबलचक, वर तिरंगा, खाली जोडलेले हात. असले फॉरवर्ड मी उघडतपण नाही, पण रात्री साडेदहाला पाटणकडून वहिनींचा फोन आला, "भाऊजी, मग मी ग्रामसभेत खोल्यांचा विषय काढू का नको? सगळे म्हणायला लागलेत मतदान घ्या म्हणून." वहिनी तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत, वर्षभर दोन खोल्यांसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतायत, आणि आता एका फॉरवर्डनं त्यांनाच वाटायला लागलं की आपण गावाचा पैसा उडवतोय. म्हणून लिहितोय, नाहीतर एवढं टाइप करायची मला हौस नाही.

फॉरवर्डमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत शाळेची प्रत्येक इमारत बांधायच्या आधी मतदान होतं, लोक नको म्हणाले की इमारत नाही, हीच खरी लोकशाही. आपल्याकडं आपल्याच घरपट्टीतून लाखालाखाच्या खोल्या बांधतात आणि आपल्याला कोण विचारत नाही. मुलं उरलीत कुठं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी वडाखाली शाळा चालवली. पैसा सगळा ठेकेदार खातो. तर दारूबंदीला जसं आडवी बाटली (दुकान बंद) उभी बाटली (दुकान चालू) करतात तसं शाळेच्या प्रत्येक मोठ्या कामाला करा, गावातल्या निम्म्या मतदारांनी हो म्हटलं तरच काम.

अमेरिकेचं आधी. मतदान होतं हे खरंय, बऱ्याच राज्यांत होतं. पण "प्रत्येक" नाही, हवाई राज्यात तर अख्ख्या राज्याचा एकच स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारा विभाग, आहे आणि शाळा तिथल्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालतच नाहीत. जिथं मतदान होतं तिथं ते कशावर होतं? कर्जावर. शाळेचा डिस्ट्रिक्ट बाँड काढतो, म्हणजे कर्ज घेतो, आणि ते पुढं वीस-तीस वर्षं तिथल्याच लोकांच्या घरपट्टीत जादा आकारणी लावून फेडतात. ज्याच्या खिशातून हप्ता जाणार त्याला विचारतात, त्यात चूक काय नाही.

आपल्याकडं गावच्या घरपट्टीतून दिवाबत्ती, गटारं आणि झाडलोट होते, तीपण कशीबशी. शाळेच्या खोलीचा पैसा येतो समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा (केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के) नाहीतर जिल्हा नियोजन समितीचा. शहरातल्या घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कर असतो ते मान्य, पण तो नगरपालिका फक्त गोळा करते आणि सरकारला भरते. दाजींच्या गावातल्या घरपट्टीचा आणि वहिनींच्या खोल्यांचा संबंध नाही. (दाजींची घरपट्टी तीन वर्षं थकलीय हा वेगळा विषय, ग्रुपवर नको.)

आता ते आडव्या बाटलीचं, ज्याच्यामुळं माझं डोकं फिरलं. दारूबंदीच्या मतदानात नियम असाय की नुसतं झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही, यादीवर जेवढे मतदार आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जो आलाच नाही तो आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं. आता हाच नियम पाटण तालुक्यातल्या वाडीत शाळेला लावा. यादीतली निम्मी नावं कोपरखैरण्यात, कामोठ्यात, वाशी मार्केटला माथाडीत. ती माणसं यात्रेला येतात आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवार गाड्या करून आणतो तेव्हा येतात. शाळेच्या खोलीसाठी कोण गाडी करणार? आणि राहिलेल्यांत ज्यांची पोरं पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला जातात ते कशाला उभे राहतील रांगेत. शाळेचा पट आहे ३१. त्या एकतिसांपैकी मत किती जणांना? शून्य. ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर आहे ते सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं, असला हा प्रकार आहे.

आणि मतदान घेणार कुठं? गावात मतदान केंद्र म्हणजे तीच शाळा. त्याच खोलीत टेबल मांडून, त्याच कौलाखाली उभं राहून, ही खोली पाडायची का ठेवायची यावर शाई लावून घ्यायची.

ती खोली मी बघितलीय. जुनं मंगलोरी कौल, वाश्यांना वाळवी, पावसात गुरुजी पोरांना एका कोपऱ्यातनं दुसऱ्या कोपऱ्यात सरकवत असतात आणि पोषण आहाराच्या तांदळाची पोती बाकावर चढवून ठेवतात. फळ्याच्या बाजूच्या भिंतीला वरपासून तडा गेलाय. चौथीतल्या एका पोरानं मला दाखवलं, मागच्या जूनला त्यात वहीचं पान जायचं, आता पेन्सिल जाते. घालून दाखवली त्यानं, पार निम्म्यापर्यंत. पोरांचा तो खेळच झालाय. आणि हा तालुका कुठला, तर कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पहाटे झाला म्हणून शाळा रिकाम्या होत्या. अजूनपण मधनंच भांडी वाजतात तिथं. भूकंपग्रस्तचा दाखला काढायला आपण रांगा लावतो आणि तड्याच्या भिंतीवर मत मागतो, काय बोलायचं राव.

मतदान घ्यायचंच नसतं असल्या गोष्टीवर, हे नुसतं मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवल्यातच जमा आहे. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकघरातनं आग लागली, गवताचं छप्पर पेटलं, ९४ पोरं गेली. त्यानंतर जी याचिका झाली तिचा निकाल १३ एप्रिल २००९ ला लागला, अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार. त्यात कोर्ट सरळ म्हणतंय की शिक्षणाच्या हक्कातच सुरक्षित शाळेचा हक्क येतो, आणि शाळांच्या इमारती इंजिनियरकडून तपासून घ्या असा आदेशपण आहे. त्याच वर्षी शिक्षण हक्काचा म्हणजे आरटीई कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या परिशिष्टात बाराही महिने टिकणारी इमारत, शिक्षकागणिक एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी शौचालयं, पिण्याचं पाणी, कुंपण, सगळं लिहिलंय. "गावाची इच्छा असल्यास" असं कुठं लिहिलेलं नाही. आणि एवढं असून २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाडच्या पिपलोदीत शाळेचं छप्पर पडून सात पोरं मेलीच.

बहुमताचं एवढं कौतुक असेल तर एक आठवण करून देतो. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा आंबेडकर या मुलाचं नाव घातलं. त्या दिवशी साताऱ्यात मतदान घेतलं असतं तर काय निकाल लागला असता ते दाजींनी स्वतःच्या मनाला विचारावं.

कर्मवीरांचं तर बोलूच नका. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह वडाचं झाड आहे म्हणून त्यांनी पोरांना आयुष्यभर झाडाखाली ठेवलं असं होतं का? १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीच्या पोरांसाठी बोर्डिंग काढलं ते पोरांना छप्पर पाहिजे म्हणूनच. आणि पोरं उपाशी राहायची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र गहाण टाकलं. त्या माणसाचं नाव घेऊन खोली नको म्हणायचं?

पट कमी आहे हे खरंय. पण भिंतीत पेन्सिल जाते ते आईबापाला दिसत नाही का, त्यांनीच तर पोरं काढून बसला लावली. नियमानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, आणि त्या वाडीतनं पुढच्या शाळेला जायचं तर मध्ये ओढा आहे, जुलैत तो मोठ्या माणसाला ओलांडत नाही.

राहिला ठेकेदार. हां, इथं मी गप्प बसतो थोडा. शेजारच्या एका गावात नवी खोली दुसऱ्या पावसाळ्यात गळायला लागली, गिलावा नखानं निघतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. अंदाजपत्रक किती, सळई किती एमएमची, काम कुणाचं, गावात कुणाला माहिती नसतं. फॉरवर्डवाल्याची ही चीड खोटी नाही. पण त्याच्यावर मतदान हा उपाय कसा? हो म्हणून शिक्का मारला तरी सिमेंट तेवढंच पडणार. उलट अमेरिकेकडनं उचलायचं असेल तर पुढचं उचला. कॅलिफोर्नियात बाँडला दोन तृतीयांश मतं लागायची, म्हणजे शंभरातल्या साठ जणांनी हो म्हटलं तरी शाळा अडायची. वैतागून २००० साली त्यांनीच ती अट ५५ टक्क्यांवर आणली आणि बदल्यात काय घातलं, तर खर्चावर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती. आपल्याकडं ती समिती कायद्यानं आधीच आहे, शाळा व्यवस्थापन समिती, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. फक्त तिला सहीपुरतं बोलवतात. वहिनींना वर्षभरात चारदा बोलवलं, चारही वेळा रजिस्टर आधी पुढं आलं आणि चहा नंतर.

ग्रामसभेत विषय तर काढावाच. खोली कुठं बांधायची, जुनीचं निर्लेखन (कागदोपत्री रद्द करून पाडणं) कधी, पावसाळ्यात पोरं कुठं बसवायची, हे सगळं गावानं बोलावंच, तासभर भांडावं. फक्त "बांधायची का नको" हा प्रश्न त्यात नाही.

वहिनींना मी एवढंच सांगितलं की स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीची मजबुती तपासायचा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, आणि खोल्या मंजूर झाल्या की अंदाजपत्रकाची कॉपी मागून शाळेच्या भिंतीवर चिकटवा. सोमवारी त्या जाऊन आल्या, पोचेचा फोटो पाठवलाय, शिक्का जरा पुसट आहे पण तारीख दिसते. हे सगळं मी ग्रुपवरपण टाकलं. दाजींचा अंगठा दोन मिनिटात आला, एवढ्या वेळात हे वाचून होत नाही.