सीटीत गाठ दिसली नाही म्हणजे कॅन्सर पसरला नाही?

इंदिरानगरपासून सिन्नर-निफाडपर्यंत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: "मोठ्या आतड्याचा कॅन्सर लसीका ग्रंथींत गेला की नाही, हे सीटी स्कॅन नक्की सांगतो. स्कॅन साफ असेल तर ऑपरेशननंतर केमो घेऊ नका. ग्रंथी वाढलेल्या दिसल्या तर ऑपरेशनच करू नका." मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. परवा एका पेशंटच्या मुलाने रिपोर्ट घ्यायला आल्यावर हाच मेसेज दाखवला, म्हणून लिहितोय.

"नक्की सांगतो" हेच मुळात चूक आहे. लसीका ग्रंथी म्हणजे आतड्यालगतच्या चरबीतल्या बारीक गाठी. सीटीला ग्रंथीचा आकार दिसतो, आतल्या पेशी नाही. साधारण 1 सेंटीमीटरच्या वरची ग्रंथी संशयास्पद धरतात. पण ऑपरेशनमध्ये काढलेलं आतडं फॉर्मलिनमधून टेबलावर आलं, की त्याला चिकटलेली चरबी आम्ही चिमटीत धरून इंच-इंच चाचपतो. कुठे तुरीच्या डाळीएवढी, कुठे साबुदाण्याएवढी ग्रंथी बोटाला लागते. अशा किमान 12 तरी तपासायच्या असतात. त्या साबुदाण्याच्या कडेला, पापुद्र्याच्या आतच, कॅन्सरच्या पेशींचा जांभळा पुंजका मायक्रोस्कोपखाली मी कितीदा पाहिलाय. तो कुठल्याही स्कॅनमध्ये येत नाही. अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा ग्रंथींत कॅन्सर असलेल्या 100 जणांपैकी सुमारे 70 जणांचाच सीटीला पत्ता लागला होता. उरलेल्या 30 जणांचं काय?

त्या तिसांनी "स्कॅन साफ आहे" म्हणून केमो नाकारली, तर आजार उलटण्याचा धोका ते अंगावर घेतात. ग्रंथीत कॅन्सर सापडला आणि तो लांब पसरलेला नसला, की तिसरी स्टेज होते, आणि तिथे केमोचा फायदा सिद्ध झालेला आहे.

मेसेजमधला शेवटचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. ग्रंथी नुसत्या सुजेनेही वाढतात. कॅन्सर झालेल्या भागात जंतुसंसर्गही असेल तर बऱ्याचदा. आणि कॅन्सर असला तरी आतड्यालगतच्या ग्रंथी सर्जन त्याच ऑपरेशनमध्ये काढतात. तिसऱ्या स्टेजचे कितीतरी पेशंट पूर्ण बरे होतात.

सीटी करायचाच. कॅन्सर लिव्हर किंवा फुप्फुसांत गेलाय का, हे बघायला तो हवाच.

त्या मुलाच्या वडिलांचा स्कॅन साफ होता. रिपोर्टमध्ये 17 पैकी 2 ग्रंथींत कॅन्सर निघाला. केमो साधारण 6 ते 8 आठवड्यांत सुरू व्हायला हवी, आणि त्यांच्या ऑपरेशनला तेव्हा 12 दिवस झाले होते. तो तिथूनच डॉक्टरांकडे गेला.